फ्लॅटहेड कॅटफिश लागतच नाही? भरती-ओहोटीच्या नदीतल्या नेहमीच्या अडचणी

'रात्रभर बसतो. चॅनेल कॅट लागतात, वाम लागते, फ्लॅटहेड काही लागत नाही.' फिलाडेल्फिया आणि दक्षिण न्यूजर्सी भागात गरवायची हौस असलेल्या आपल्या मंडळींकडून दर उन्हाळ्यात ही तक्रार ऐकू येते. सामान बहुतेकांचं उत्तम असतं. रॉड दणकट, रील महाग, गळ योग्य मापाचे. शिकवणीही चुकीची नसते, पण ती मिसुरी आणि ओहायोसारख्या नद्यांवरची असते आणि त्या नद्या एकाच दिशेला वाहतात. ट्रेंटनच्या खालची डेलावेअर नदी आणि फिलाडेल्फियात तिला मिळणारी, फेअरमाउंट धरणाच्या खालची स्कूकिल दिवसातून साधारण चार वेळा दिशा बदलते. आमिष कुठे टाकायचं, याचं उत्तर तिथे दर काही तासांनी बदलतं. बहुतेकांचं गाडं अडतं ते इथेच.

तेव्हा नवा रॉड घ्यायच्या आधी पुढच्या गोष्टी तपासा.

मासा तिथे आहे ना?

आहे, आणि भरपूर आहे. फ्लॅटहेड मूळचा मिसिसिपी खोऱ्याकडचा. अटलांटिकला मिळणाऱ्या नद्यांत तो माणसाने आणला. नॉर्थ कॅरोलायनातल्या केप फिअर नदीत १९६६ साली अवघे ११ मासे सोडले होते, त्यांच्या वंशाने ती नदी व्यापली. स्कूकिलमध्ये तो फेअरमाउंट धरणापाशी १९९९ साली सापडला. पुढे २०२० साली पेनसिल्व्हेनियाचा तेव्हाचा विक्रमी फ्लॅटहेड, ५६ पौंडांहून जड, फिलाडेल्फिया शहरातच स्कूकिलमध्ये लागला. त्यामुळे 'शहराच्या गटारगंगेत कसला आलाय मोठा मासा' हे म्हणणं सोडून द्या.

मात्र जो लागला तो फ्लॅटहेडच होता का, हे बघा. चॅनेल कॅटची शेपूट खोल दुभंगलेली असते, फ्लॅटहेडची जवळजवळ सरळ. फ्लॅटहेडचं डोकं वरून दाबल्यासारखं चपटं आणि खालचा जबडा वरच्याच्या पुढे आलेला. अंगावर पिवळट-तपकिरी ठिपक्याठिपक्यांची नक्षी. कितीतरी लोक मोठा चॅनेल कॅट धरून फ्लॅटहेड समजतात आणि मग त्याच जागी, त्याच कापलेल्या आमिषावर हट्टाने बसून राहतात.

दुसरा प्रश्न खारेपणाचा. कोकणातल्या माणसाच्या डोक्यात भरतीचं पाणी म्हणजे खारं, निदान मचूळ तरी. इथे तसं नाही. डेलावेअरमध्ये खाऱ्या पाण्याची हद्द एरवी खाली विल्मिंग्टनच्या आसपास असते. फिलाडेल्फियापासून ट्रेंटनपर्यंत पाणी चढतं-उतरतं, पण ते गोडं असतं. १९६४ च्या दुष्काळात खारं पाणी फिलाडेल्फियापर्यंत चढलं होतं, पण तो अपवाद. फ्लॅटहेड गोड्या पाण्याचा मासा आहे. पाऊस न झालेल्या उन्हाळ्याच्या शेवटी विल्मिंग्टन-चेस्टर पट्ट्यात वेळ घालवू नका. वर बर्लिंग्टन, ब्रिस्टल, बोर्डेनटाउनकडे सरका.

भरतीची वेळ बघून गेलो, तरी हात रिकामे

सगळ्यात जास्त वाया जाणाऱ्या रात्री या. आणि यात आपल्या कोकणी हिशेबाचाही थोडा हात आहे.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे लहानपणापासून कानावर असतं. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. हा हिशेब मुंबई-कोकण किनाऱ्याचा. त्यातला रोज पाऊण तास-पन्नास मिनिटांनी भरती पुढे सरकण्याचा भाग जगात बऱ्याच ठिकाणी चालतो, कारण तो चंद्राचा आहे. पण सुरुवातीची वेळ त्या त्या जागेची असते. डेलावेअर उपसागराच्या तोंडाशी भरती येते, तिची लाट नदीतून वर चढत फिलाडेल्फियाला पोचायला कित्येक तास लागतात आणि ट्रेंटनला त्याहून उशीर. फिलाडेल्फियाच्या टॅकोनीला बसून उपसागराच्या तोंडावरच्या ल्युइसचं वेळापत्रक वाचणारे लोक मी पाहिले आहेत. नोआच्या (अमेरिकेच्या समुद्र-हवामान संस्थेच्या) संकेतस्थळावर तुमच्या सगळ्यात जवळचं ठाणं निवडा, दहा मैलांवरचं नको.

आता त्याहून महत्त्वाचं. वेळापत्रक सांगतं ते पाण्याची उंची. माशाला उंचीशी फारसं घेणंदेणं नाही, त्याला वाहण्याशी आहे. आणि या दोन गोष्टी एका वेळी फिरत नाहीत. पूर्ण भरतीचा आकडा येऊन गेला तरी पाणी वरच्या दिशेला वाहतच असतं. अर्धा तास, कधी तास, कधी त्याहूनही जास्त. मग ते थबकतं आणि उलटं फिरतं. ओहोटीच्या टोकालाही तेच. तुम्ही पूर्ण भरतीची वेळ बघून 'आता पाणी फिरलं' म्हणून आमिष दुसऱ्या बाजूला टाकता, तेव्हा खाली पाणी अजून जुन्याच दिशेला वाहत असतं. नोआ प्रवाहाचं वेगळं भाकीत देते. ते उघडा.

शिवाय दोन्ही बाजू सारख्या नाहीत. फिलाडेल्फियापाशी पाणी चढायला साधारण सव्वापाच तास लागतात आणि उतरायला सात. नदी उथळ होत जाते तसा ओहोटीचा तळ भरतीच्या माथ्यापेक्षा सावकाश वर सरकतो, म्हणून चढण आखूड आणि उतरण लांब होते. ट्रेंटनकडे हा फरक आणखी वाढतो. 'सहा तास भरती, सहा तास ओहोटी' या पाढ्यावर आखलेली रात्र तासाभराने तरी चुकतेच.

आणि पाऊस. डेलावेअरला ट्रेंटनपाशी वर्षाच्या सरासरीने सेकंदाला ३३० घनमीटरच्या आसपास पाणी येतं. वर कॅट्सकिल-पोकोनो भागात जोराचा पाऊस झाला की हा आकडा कैक पटींनी वाढतो. अशा वेळी ट्रेंटन-बोर्डेनटाउनकडे भरतीने पाणी वर चढतं, पण वरच्या दिशेला वाहत नाही. नुसतं मंदावतं आणि परत खाली धावतं. म्हणजे त्या रात्री तुमची नदी मिसुरीसारखी एकाच दिशेची झालेली असते. यूएसजीएसचा (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा) ट्रेंटनचा प्रवाहाचा आकडा बघितल्याशिवाय घरातून निघू नये. वायव्येचा जोरदार वारा सुटला तर ओहोटीला पाणी भाकितापेक्षा खाली जातं, तेही लक्षात असू द्या.

काठावर बसून पाणी फिरलेलं कसं ओळखायचं? रॉडच्या टोकाकडे बघा. ओहोटीत टोक खालच्या दिशेला वाकून सतत हलकं थरथरत असतं. थरथर कमी होते. टोक हळूहळू सरळ होतं. दोरी ढिली पडून पाण्यावर पोट काढते. फेसाचा एखादा पुंजका खांबाजवळ येऊन तिथेच घोटाळतो, मग दोन हात मागे येतो. इथपर्यंत पाच-दहा मिनिटं जातात. आता दोरी विरुद्ध बाजूला ताणायला लागली की पाणी फिरलं. त्याच वेळी आमिष काढून नव्याने टाकायचं. बहुतेक जण नेमके तेव्हा चहाचा थर्मास उघडतात.

जागा बरोबर, पण बाजू चुकीची

फ्लॅटहेड दिवसभर ओंडक्याखाली, काठाच्या कपारीत, जुन्या धक्क्याच्या लाकडी खांबांत पडून असतो. अंधार पडला की शिकारीला निघतो, पण मुळात तो दबा धरणारा मासा. प्रवाहाला तोंड करून, आडोशाच्या मागे, जिथे पाण्याची ओढ कमी आणि वाहून येणारं भक्ष्य समोर, अशी जागा धरतो. रायगडच्या खाडीत उघाडीच्या तोंडाशी जिताड्यासाठी बसणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

अडचण अशी की आडोशाची 'मागची' बाजू कायम एकच राहत नाही. ओहोटीत ओंडक्याच्या समुद्राकडच्या अंगाला शांत पाणी असतं. पाणी फिरलं की तेच शांत पाणी ट्रेंटनकडच्या अंगाला जातं. मासा सरकतो आणि तुमचं आमिष ओंडक्याच्या चुकीच्या बाजूला, पूर्ण प्रवाहात, एकटंच लोळत राहतं. संध्याकाळी सातला पहिल्या टाकण्यात ठोका मिळाला आणि नंतर पहाटेपर्यंत काहीच नाही, ही तक्रार असेल तर दहातल्या आठ वेळा कारण हेच.

उपाय साधा आहे. दोन रॉड असतील तर दोन्ही बाजूंना एकेक. एकच असेल तर पाणी फिरलं की जागा बदला. अशी जागा निवडा जिथून दोन्ही बाजू गाठता येतात: ओंडक्याच्या बरोबर समोरचा काठ, किंवा खाडीच्या तोंडाचा कोपरा. नेशामिनी क्रीक आणि रँकोकस क्रीक डेलावेअरला मिळतात, तिथली तोंडं यासाठी चांगली. ओहोटीत खाडीतून छोटे मासे बाहेर वाहत येतात आणि मोठा मासा मुख्य नदीच्या बाजूच्या खोल कडेला थांबतो.

प्रवाह जोरात असताना आमिष आडोशाला अगदी चिकटून हवं, हाताच्या अंतरावर. मोठ्या माशाला ओढीत पोहणं परवडत नाही, तो बाहेर येत नाही. प्रवाह मंदावला की मात्र तो कपार सोडून शेजारच्या उथळ भागावर फिरायला निघतो. तेव्हा आमिष आडोशापासून थोडं दूर, खोल-उथळाच्या कडेवर. मला स्वतःला अंधार पडल्यानंतरचा ओहोटीचा शेवटचा तास आणि पाणी फिरल्यानंतरचा पहिला तास, हा काळ सगळ्यात भरवशाचा वाटतो. पौर्णिमेच्या उजेडाबद्दल लोक पुष्कळ काही बोलतात, मी त्याला फार महत्त्व देत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं आणि ओढ वाढते, एवढंच पुरे. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या म्हणजे कमी ओढीच्या पाण्यात, जड शिसं न लावताही आमिष जागेवर राहतं. नवख्याने त्या आठवड्यात जावं.

आणखी एक गोष्ट, जी उघड आहे पण पाहिली जात नाही. ट्रेंटनपाशी पाणी अडीच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, फिलाडेल्फियापाशी दोन मीटरच्या आसपास. भरतीला जिथे छातीभर पाणी, तिथे ओहोटीला चिखल. अंधारात तुमचं आमिष कित्येकदा घोटाभर पाण्यात पडलेलं असतं. म्हणून उधाणाच्या ओहोटीला, भर दिवसा, रॉड न घेता एक फेरी मारा. जुन्या धक्क्यांच्या खांबांच्या रांगा, अडकलेली झाडं, काठाखालच्या कपारी, सगळं उघडं पडतं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पलीकडच्या काठावरचा दिवा किंवा इमारत फोटोत येऊ द्या, म्हणजे रात्री दिशा सापडते. चिखलात मात्र उतरू नका, स्कूकिलचा गाळ गुडघ्याच्या वर जातो.

आमिष परत येतं, पण मासा नाही

परत आलेलं आमिष फेकू नका, टॉर्चखाली धरून बघा. रात्री तिथे कोण येऊन गेलं ते त्यावर लिहिलेलं असतं.

ब्लूगिलच्या (आमिषाला वापरतात तो छोटा मासा) दोन्ही कुशींवरचे खवले घासून निघालेत, कातडी खरवडल्यासारखी आहे, पण लचका तोडलेला नाही: फ्लॅटहेडने तोंडात घेऊन सोडलं. त्याच्या जबड्यांवर बारीक दातांचे कानशीसारखे पट्टे असतात, त्यांची ही खूण. जागा बरोबर आहे, हलू नका. शेपटीकडचा भाग ओरबाडून नेलाय: बहुधा चॅनेल कॅट. पोट फाटून आतलं ओढलेलं, कडा चिंध्यांसारख्या: वाम. पंख आणि डोळे कुरतडलेले: कोरड्या उन्हाळ्यात निळी चिंबोरी फिलाडेल्फियाकडे वर चढते, तिचं काम. अर्धगोल स्वच्छ लचका: कासव, तिथून उठा.

काहीच खूण नाही आणि आमिष मेलेलं आहे, असं असेल तर दोष बादलीचा. मोठा फ्लॅटहेड मुख्यतः जिवंत मासे खातो. वासाच्या गोळ्या, कोंबडीची काळीजं, कुजकं आमिष, हे सगळं चॅनेल कॅटसाठी. जिवंत ब्लूगिल घरच्या नळाच्या पाण्यात ठेवाल तर मरणारच, कारण फिलाडेल्फियाच्या नळाला क्लोरामाइन असतं आणि ते क्लोरीनसारखं रात्रभर उघडं ठेवून उडून जात नाही. नदीचंच पाणी घ्या, एअर पंप लावा, बादली सावलीत ठेवा. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात. जुलैत एका बादलीत दहा मासे कोंबू नयेत ते यासाठी.

गळ पाठीच्या पंखामागे टोचला की मंद पाण्यात मासा छान धडपडतो. जोराच्या प्रवाहात तोच मासा आडवा होऊन गरगर फिरतो आणि गुदमरतो. ओढ असेल तेव्हा ओठातून टोचा, म्हणजे त्याचं तोंड प्रवाहाकडे राहतं.

आमिषाची ओळखही नीट हवी. ब्लूगिलचं तोंड लहान आणि पाठीच्या पंखाच्या मागच्या टोकाशी काळा डाग. ग्रीन सनफिशचं तोंड मोठं, अंग लांबट, गालावर निळसर-हिरव्या रेघा. न्यूजर्सीत ग्रीन सनफिश धोकादायक माशांच्या यादीत आहे, तो जिवंत बाळगताच येत नाही. नदीतल्या हेरिंगला या भागात बंदी आहे, जुने लोक सांगतात म्हणून वापरू नका.

शिसं घरंगळतं, नाहीतर अडकून तुटतं

गोल शिसं प्रवाहात तळावरून घरंगळत जातं आणि दोरी ओंडक्यात गुंतवतं. चपटं घ्या. भांगाच्या पाण्याला चार औंस पुरतं, उधाणाच्या भर ओहोटीला आठही कमी पडतं. गळ आणि शिसं यांच्यातली दोरी आखूड, वीतभर. लांब ठेवली की आमिष भिरभिरतं आणि पाणी फिरताना मुख्य दोरीलाच वेढे घालतं. पाणी फिरल्यावर आमिष तपासायचं ते यासाठीसुद्धा.

शिसं नेहमी कमी ताकदीच्या दोरीने बांधा. मुख्य दोरी ६५ ते ८० पौंडांची ब्रेड (विणलेली दोरी) असेल तर शिशाला १५-२० पौंडांची नायलॉन. अडकलं तर शिसं जाईल, मासा आणि गळ राहतील.

ठोका बसतो, पण मासा सुटतो

सर्कल हुकवर (टोक आत वळलेल्या गळावर) झटका मारू नका. रॉड स्टँडमध्ये राहू द्या, टोक पूर्ण वाकून तसंच राहिलं की रील फिरवायला लागा, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. ८/० ते १०/० मापाचा गळ घ्या आणि त्याचं टोक आमिषात पुरून टाकू नका. पाणी नुकतंच फिरलं असेल तेव्हा दोरीत ढील असते, निम्मे ठोके त्यातच वाया जातात. ढील आधी काढा.

मे महिन्यात लागत होते, आता बंद

जूनअखेर ते जुलै हा विणीचा काळ. पाणी २४-२५ अंशांच्या वर गेलं की नर कपारीत अंडी राखत बसतो आणि खाणं जवळजवळ सोडतो. तुमचं काही चुकलेलं नाही, ऑगस्टपर्यंत थांबा. सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. पाणी १० अंशांखाली गेलं की मासे खोल खड्ड्यांत निपचित पडतात, तेव्हा रॉड माळ्यावर टाका.

लागल्यावर

न्यूजर्सीच्या यादीत फ्लॅटहेडही आहे, त्यामुळे तिथे तो जिवंत बाळगायला आणि परत सोडायला मनाई आहे. पेनसिल्व्हेनियाचे नियम वेगळे. परवाना कुठल्या काठाचा आणि तुम्ही कुठल्या राज्यात उभे आहात, हे त्या वर्षीच्या पुस्तिकेत बघा. घरी नेऊन कालवण करायचा विचार असेल तर आधी दोन्ही राज्यांची खाण्याबाबतची सूचना वाचा. या पाण्यातल्या माशांत पीसीबी ही कारखान्यांतली विषारी रसायनं साठतात आणि ती चरबीत असतात. कातडी आणि पोटाची चरबी काढली तर प्रमाण कमी होतं, नाहीसं होत नाही. लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर मी तो मासा नेणार नाही.

आणि कधीतरी जड काहीतरी लागेल, जे फ्लॅटहेडसारखं तळाला डोकं खुपसणार नाही, लांब धाव घेईल. पाठीवर हाडांच्या ढालींची रांग आणि लांबट नाक दिसलं तर तो स्टर्जन. अटलांटिक आणि आखूड नाकाचा, दोन्ही जाती कायद्याने संरक्षित आहेत. फोटोसाठी बाहेर काढू नका. पाण्यातच ठेवून गळ काढा, निघत नसेल तर तोंडाजवळ दोरी कापा.